बारावीचं शारीरिक शिक्षण: सत्तर गुण कागदावर, तीस मैदानावर

‘पीटी घेतलंय, म्हणजे एक विषय तरी सुटला’ हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक सीबीएसई शाळेत जूनमध्ये ऐकू येतं. फेब्रुवारीत तोच मुलगा एकोणीस संघांची बाद फेरी कशी आखायची म्हणून वही उलटीपालटी करत बसतो आणि ६०० मीटर धावताना दुसऱ्या वळणावरच चालायला लागतो. विषय सोपा आहे, यात शंका नाही. पण तो रट्टा मारण्याजोगा सोपा नाही. नेमकेपणा असेल तर सोपा आणि मोघमपणा असेल तर गुण गळणारा, असा त्याचा स्वभाव आहे.

आधी एक घोळ मिटवू. राज्य मंडळाच्या बारावीला ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ हा सक्तीचा श्रेणी विषय असतो. इथे लिहिलंय ते सीबीएसईच्या ऐच्छिक विषयाबद्दल, ज्याचा कोड ०४८ आहे. यात लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचं असतं. राज्य मंडळाच्या मुलांना चाचण्या आणि आसनांचा भाग जसाच्या तसा वापरता येईल. बाकीचं सोडून द्यायला हरकत नाही.

प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांची वाटणी अशी: शारीरिक क्षमता चाचणी ६, निवडलेला खेळ ७, योग ७, रेकॉर्ड फाइल ५ आणि तोंडी परीक्षा ५. म्हणजे वीस गुण अंगाने मिळवायचे आणि दहा हाताने-तोंडाने. ते वीस आदल्या आठवड्यात मिळत नाहीत. स्नायूंना आणि दमाला तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात, ते कुठल्याही गाइडमधून विकत घेता येत नाहीत.

पुण्याच्या पावसाप्रमाणे वर्ष आखा

प्रात्यक्षिकं जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकतात, लेखी परीक्षा त्यानंतर. तिथून मागे मोजत या. जून ते सप्टेंबर शाळेच्या मैदानात चिखल असतो, मातीच्या धावपट्टीवर पाय घसरतो, घोटा मुरगळतो. तेव्हा धावण्याच्या मागे लागू नका. हे चार महिने व्हरांड्यात किंवा घरात सतरंजी टाकून करायच्या गोष्टींचे: पुश-अप, पोटाचे कर्ल-अप, बसून पुढे वाकणं आणि सगळी आसनं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरपासून धावणं. डिसेंबरमध्ये पहाटे पुणं गारठलेलं असतं, तेव्हा वॉर्म-अप पाच मिनिटांत आटपण्याऐवजी दहा-बारा मिनिटं करा. थंड मांडीवर ५० मीटरची झेप घेतली की मागचा स्नायू खेचला जातो आणि मग तीन आठवडे बसून राहावं लागतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक काम मात्र चुकवू नका. शंभर पानी वही घ्या आणि सगळ्या चाचण्या एकदा देऊन आकडे लिहा. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावरची नाडी एक मिनिट मोजा, तीही लिहा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हेच पुन्हा. ही वही नुसती प्रगतिपुस्तक नाही. जूनमध्ये विश्रांतीची नाडी ७६ असेल आणि डिसेंबरात ६८ झाली असेल, तर ‘व्यायामाचा हृदयाभिसरण संस्थेवरील परिणाम’ हा लेखीतला प्रश्न तुमच्या मनगटावरच सुटलेला असतो. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागलं, म्हणून त्याला कमी ठोक्यांत भागतं. हे एकदा स्वतःच्या अंगावर पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

क्षमता चाचणी: सहा गुण, सहा ठिकाणी गळती

नऊ ते अठरा वयोगटासाठी ‘साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) खेलो इंडिया’ची चाचणी घेतली जाते. त्यात बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, सिट अँड रीच, पार्शल कर्ल-अप आणि पुश-अप (मुलींसाठी गुडघे टेकून) येतात. पाच ते आठ वर्षांच्या मुलांची चाचणी वेगळी: बीएमआय, फ्लेमिंगो बॅलन्स (एका पायावर तोल सांभाळणं) आणि प्लेट टॅपिंग (हाताने दोन चकत्यांना आळीपाळीने झपाझप स्पर्श करणं). ती तुम्हाला द्यायची नाही, पण लेखीत विचारतात.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ५८ किलो असेल, तर १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२, आणि ५८ भागिले २.८२ म्हणजे साधारण २०.५. सेंटिमीटरचे मीटर करायला विसरणं ही इथली हमखास चूक. उत्तर ०.००२ असं काहीतरी आलं की समजा तेच झालंय. उंची मोजताना बूट काढा, टाचा आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा. हनुवटी वर केली की दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो.

५० मीटरला उभ्याने सुरुवात करायची असते, पुढचा पाय रेषेच्या मागे. सराव करण्यापूर्वी अंतर मोजपट्टीने मोजा. ‘इथून त्या अशोकाच्या झाडापर्यंत पन्नास’ असं शाळाशाळांत सांगितलं जातं आणि ते कधी सत्तेचाळीस निघतं, कधी त्रेपन्न. दुसरी गोष्ट: मुलं शेवटच्या पाच-सहा मीटरमध्ये वेग सोडतात, कारण डोळ्यांसमोर रेषा असते. म्हणून साठाव्या मीटरवर एक वीट किंवा कोन ठेवा आणि तिथपर्यंत धावा. आठवड्यातून दोनदा २० मीटरच्या सहा आणि ५० मीटरच्या तीन धावा पुरेत, प्रत्येकीनंतर दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. दमलेल्या पायाने वेग वाढत नाही. नुसता दम वाढतो.

६०० मीटरबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच ढेपाळतात. ४०० मीटरच्या ट्रॅकवर हे दीड फेरी अंतर आहे. दमाचा प्रश्न वाटतो खरा, पण मुळात तो घड्याळाचा प्रश्न आहे. पहिले २०० मीटर मित्रांबरोबर उधळायचे आणि तिसऱ्या शंभरात पाय शिशासारखे जड व्हायचे, हा नेहमीचा क्रम. समजा तुम्हाला २ मिनिटं १५ सेकंदांत पोचायचंय. म्हणजे १३५ सेकंद, म्हणजे दर २०० मीटरला ४५ सेकंद. तर पहिले २०० मीटर ४५ मध्येच धावायला शिका, ३६ मध्ये नाही. सराव असा:

१. ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे नुसतं सावकाश धावणं, १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. बरोबर धावणाऱ्याशी बोलता आलं पाहिजे, इतपतच वेग.

२. पुढचे चार आठवडे, आठवड्यातून दोनदा: ठरलेल्या गतीने २०० मीटर, मग दोन मिनिटं चालणं, असं चार वेळा. तिसऱ्या दिवशी सावकाश धाव.

३. त्यापुढचे चार आठवडे: ३०० मीटर तीन वेळा, मध्ये तीन ते चार मिनिटं विश्रांती. पंधरा दिवसांतून एकदाच पूर्ण ६०० मीटर, घड्याळ लावून.

४. प्रात्यक्षिकाच्या आदल्या आठवड्यात निम्मंच करा आणि शेवटचे दोन दिवस नुसते पाय मोकळे करा.

बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल किंवा सारसबागेजवळचं सणस मैदान गाठता आलं, तर ट्रॅकवर २०० चा अंदाज पटकन येतो. नाही जमलं तर शाळेच्या मैदानाची परिघासह मापं घेऊन चुन्याच्या खुणा करा. वेताळ टेकडीवर रोज धावणाऱ्या मुलांचा दम चांगला असतो, पण त्यांनाही सपाटीवरची गती वेगळी शिकावी लागते. आणि पर्वतीच्या पायऱ्या चढा हव्या तितक्या, पण उतरताना धावू नका. गुडघ्यावर उतारात येणारा भार चढण्यापेक्षा जास्त असतो.

सिट अँड रीचला बूट काढून तळवे पेटीला पूर्ण टेकवायचे, गुडघे ताठ, एका हातावर दुसरा हात, आणि सावकाश पुढे सरकून क्षणभर थांबायचं. हिसका देऊन गाठलेला आकडा धरत नाहीत. इथे अडतं ते बहुतेकांचं मांडीच्या मागच्या स्नायूंत. दिवसभर बाकावर आणि संध्याकाळी क्लासच्या खुर्चीत बसून ते आखडलेले असतात. रोज अंग गरम झाल्यावर ३० सेकंदांचा ताण, तीन वेळा. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाकत बसून काही होत नाही.

कर्ल-अपला पाठीवर झोपायचं, गुडघे साधारण काटकोनात, हात बाजूला, तळवे खाली. हात जमिनीशी समांतर ठेवून खांदे उचलायचे आणि परत खाली येताना खांद्याची पाती टेकवायची. ३० सेकंदांत किती झाले ते मोजतात. पाती टेकली नाहीत तर तो मोजला जात नाही, हे घाईत विसरलं जातं. पुश-अपला कोपर काटकोनात येईपर्यंत खाली, पाठ फळीसारखी सरळ. कंबर खाली झोकणं किंवा वर उचलणं, दोन्ही चूक. सरावाचा हिशोब सोपा आहे: एका दमात जास्तीत जास्त १४ होत असतील तर रोज सातसातचे पाच संच. दोन आठवड्यांनी पुन्हा कमाल मोजा आणि संच वाढवा. रोज कमालीपर्यंत ओढत राहिलं तर खांदे दुखतात आणि आकडा जागचा हलत नाही.

दमा असेल, जुनी दुखापत असेल किंवा मधुमेह असेल तर ते पीटीच्या सरांना जूनमध्येच सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इनहेलर खिशात हवा, दप्तरात नाही. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना सिटिंग व्हॉलीबॉल, बोची, गोलबॉल, व्हीलचेअर बास्केटबॉल, दृष्टिहीनांचं क्रिकेट असे पर्याय नियमावलीतच दिलेले आहेत. शाळेला ते माहीत नसतील तर पालकांनी मागून घ्यावेत, संकोच करू नये.

पाच आसनांत पाच आजार

फाइलमध्ये प्रत्येक जीवनशैलीच्या आजारासाठी दोन आसनं लिहायची असतात: कृती, फायदे आणि कोणी करू नये. मुलं दहा वेगळी आसनं निवडतात, दहाही अर्धवट करतात. अभ्यासक्रमाची यादी नीट पाहिली तर तीच आसनं पुन्हा पुन्हा येतात. ताडासन, पश्चिमोत्तानासन, भुजंगासन, उष्ट्रासन, गोमुखासन ही पाच पक्की करा. लठ्ठपणाला ताडासन आणि पश्चिमोत्तानासन, मधुमेहाला पश्चिमोत्तानासन आणि भुजंगासन, दम्याला ताडासन आणि उष्ट्रासन, उच्च रक्तदाबाला ताडासन आणि गोमुखासन, पाठदुखीला भुजंगासन आणि गोमुखासन. झाली दहाची भरती. पाठ्यपुस्तकात संधिवाताचं प्रकरण असेल तर त्यातली दोन शाळेला विचारून जोडा.

‘कोणी करू नये’ हा रकाना परीक्षकांचा लाडका आहे. उष्ट्रासन दम्याच्या यादीत आहे, पण रक्तदाब जास्त असणाऱ्याने ते टाळायचं असतं. तोंडी परीक्षेत नेमकं हेच विचारतात. भुजंगासन हर्निया, पोटातला अल्सर आणि गरोदरपणात नको. पश्चिमोत्तानासन हर्निया आणि सरकलेल्या मणक्याच्या चकतीत नको.

करून दाखवताना तीन टप्पे दिसले पाहिजेत: आसनात जाणं, टिकवणं, बाहेर येणं. बहुतेक जण तिसरा टप्पा धप्पकन उरकतात. श्वासाचा नियम एकच लक्षात ठेवा, मागे वाकताना आत आणि पुढे वाकताना बाहेर. स्थिती १५ ते २० सेकंद टिकवा, चेहरा वाकडा न करता. भुजंगासनात मुलं हातांवर जोर देऊन कोपरं ताठ करतात आणि बेंबी जमिनीवरून उचलतात. ते भुजंगासन राहत नाही. जोर पाठीच्या स्नायूंचा हवा. गोमुखासनात मागे बोटं गुंतत नसतील तर रुमाल धरून सराव करा, महिन्या-दीड महिन्यात रुमाल आखूड होत जातो. पुण्यात बसून योगाच्या शिक्षकाची वानवा कोणी सांगू नये. रमामणी अय्यंगार संस्था शिवाजीनगरात आहे आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला काढलेलं कैवल्यधाम तासाभराच्या लोकलवर.

खेळ आणि फाइल

खेळ असा निवडा जो तुम्ही आधीपासून खेळता. ‘बॅडमिंटन सोपं असतं’ म्हणून नवा खेळ घेणाऱ्याची सर्व्हिस परीक्षकाच्या पहिल्या नजरेत पकडली जाते. फाइलमध्ये मैदानाची मापांसह आकृती, साहित्य, नियम, संज्ञा आणि कौशल्यं लागतात. आकृतीत मापं चुकणं ही सगळ्यात स्वस्तात गुण घालवायची जागा. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट १३.४० बाय ६.१० मीटर, एकेरीची रुंदी ५.१८, जाळी खांबापाशी १.५५ आणि मध्यभागी १.५२४ मीटर. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९, आक्रमण रेषा मधल्या रेषेपासून ३ मीटर, जाळी पुरुषांसाठी २.४३ आणि महिलांसाठी २.२४ मीटर. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० आणि महिलांचं १२ बाय ८. इंटरनेटवरून जुनी आकृती उतरवू नका, नियम बदलत राहतात. त्या खेळाच्या महासंघाची चालू नियमावली पाहा. (बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’च म्हणत, हे फाइलच्या पहिल्या पानावर शोभतं, त्याला गुण नसले तरी.)

फाइलसाठी अप्पा बळवंत चौकात छापील जर्नलं तयार मिळतात आणि मोह होतो. घ्या, पण आकडे स्वतःचे भरा. जूनपासूनची वही इथे कामी येते. सगळ्या वर्गाच्या फाइलमध्ये ६०० मीटरची वेळ एकच असली तर परीक्षकाला दुसरं काही विचारावं लागत नाही. आकृत्या पेन्सिलनेच काढा, पट्टी वापरा आणि प्रमाण लिहा.

लेखी: जिथे बसून हाताने करावं लागतं

दहा प्रकरणांत वजनदार ती, ज्यांत आकडे किंवा आकृती असते. बाद फेरी हे पहिलं उदाहरण. १९ संघ धरू.

१. एकूण सामने म्हणजे संघ वजा एक: १८.

२. १९ च्या पुढची दोनाची घात ३२. बाय, म्हणजे पहिल्या फेरीत न खेळता थेट पुढे जाणारे संघ, ३२ वजा १९ म्हणजे १३. फेऱ्या पाच, कारण दोनाचा पाचवा घात ३२.

३. संघसंख्या विषम, म्हणून वरच्या अर्ध्यात (१९+१) भागिले २ म्हणजे १०, खालच्या अर्ध्यात ९.

४. बायही विषम, पण इथे उलट: वरच्या अर्ध्यात (१३−१) भागिले २ म्हणजे ६, खालच्या अर्ध्यात ७. ताळा करा: १० अधिक ६ सोळा, ९ अधिक ७ सोळा. दोन्हीकडे सोळा आले नाहीत तर पुढे जाऊच नका.

५. बाय देण्याचा क्रम: पहिला खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्याला, दुसरा वरच्यातल्या पहिल्याला, तिसरा खालच्यातल्या पहिल्याला, चौथा वरच्यातल्या शेवटच्याला, आणि मग हेच चक्र एकेक पाऊल आत सरकत. म्हणजे १९, १, ११, १०, १८, २, १२, ९, १७, ३, १३, ८, १६.

६. उरले ४, ५, ६, ७ आणि १४, १५. पहिल्या फेरीत चार विरुद्ध पाच, सहा विरुद्ध सात, चौदा विरुद्ध पंधरा, असे तीन सामने. त्यापुढे ८, ४, २, १. बेरीज १८, पहिल्या पायरीशी जुळली.

चूक होते ती चौथ्या पायरीत, बाय वरच्या अर्ध्याला जास्त दिले जातात. ७, ११, १३, २१ आणि २७ संघांची एकेक आकृती हाताने काढा. पाच आकृत्यांनंतर हात आपोआप चालतो.

साखळीत, न ही संघसंख्या धरली तर, सामने म्हणजे न गुणिले (न−१) भागिले २. सात संघांचे २१, दुहेरी साखळीचे ४२. चक्रीय पद्धतीत संघ सम असतील तर पहिल्याला जागेवर ठेवून बाकीचे घड्याळाच्या दिशेने फिरवायचे आणि फेऱ्या न−१. विषम असतील तर बाय जागेवर, सगळे संघ फिरते, फेऱ्या न. गुणांकनात ब्रिटिश पद्धतीत मिळवलेले गुण भागिले मिळू शकणारे कमाल गुण, अमेरिकन पद्धतीत जिंकलेले सामने भागिले खेळलेले सामने. दोन्हींना शंभराने गुणायचं.

दुसरं आकडेमोडीचं ठिकाण हार्वर्ड स्टेप टेस्ट, म्हणजे बाकावर चढ-उतर करून हृदयाचा दम मोजणारी चाचणी. मुलांसाठी २० इंच उंचीचं बाक, मिनिटाला ३० पायऱ्या, पाच मिनिटं. छोट्या सूत्रात व्यायामाचे सेकंद गुणिले १००, भागिले ५.५ गुणिले नाडीचे ठोके. हे ठोके व्यायाम संपल्यावर १ ते १.५ मिनिट या अर्ध्या मिनिटातले असतात. पाच मिनिटं पूर्ण आणि ठोके ७०, तर ३०,००० भागिले ३८५, म्हणजे ७७.९. मुलं अर्ध्या मिनिटाचे ठोके दुप्पट करून मिनिटाचे बनवतात आणि मग धडधाकट माणूस कागदावर अगदीच दुबळा ठरतो. लांबलचक सूत्रात १ ते १.५, २ ते २.५ आणि ३ ते ३.५ मिनिटांचे ठोके मिळवून त्यांची दुप्पट खाली येते. ठोके ७०, ६० आणि ५२ असले तर बेरीज १८२, खाली ३६४, उत्तर ८२.४.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या रिकली-जोन्स चाचणीत सहा भाग आहेत: खुर्चीवरून उठबस, हाताने वजन उचलणं, खुर्चीत बसून पुढे वाकणं, पाठीमागे हात भिडवणं, आठ फुटांवरून वळसा घालून येणं आणि सहा मिनिटं चालणं. प्रत्येक कशाचं मोजमाप आहे ते शेजारी लिहून ठेवा, कारण प्रश्न तिथून येतो. घरच्या आजोबांची परवानगी आणि खुर्ची भिंतीला टेकलेली असेल, तर उठबस ३० सेकंद मोजून बघा.

जैवयांत्रिकीत तरफेचे तीन प्रकार नेहमी उलटसुलट होतात. फक्त ‘मध्ये कोण’ एवढंच विचारा. पहिल्यात टेकू मध्ये (मान डोलावणं), दुसऱ्यात भार मध्ये (चवड्यांवर उभं राहणं), तिसऱ्यात बल मध्ये (कोपरातून वजन उचलणं). प्रक्षेप्याबद्दल (हवेत फेकलेल्या वस्तूबद्दल) लिहिताना ‘४५ अंशांत सर्वांत लांब’ एवढ्यावर थांबू नका. सुटण्याची आणि पडण्याची उंची एकच असेल तरच ते खरं. गोळाफेकीत गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो, म्हणून तिथे योग्य कोन ४५ पेक्षा कमी असतो. हे एक वाक्य उत्तराला वजन देतं.

दुखापतींत मराठीच आपल्याला फसवते. ‘लचक भरली’ हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो, पण स्प्रेन म्हणजे अस्थिबंधाची इजा आणि स्ट्रेन म्हणजे स्नायूची किंवा स्नायूरज्जूची. घोट्याला होतो तो बहुधा स्प्रेन, मांडीच्या मागे होतो तो स्ट्रेन. हाड मोडण्याच्या प्रकारांत ग्रीनस्टिक फ्रॅक्चर लहान मुलांत का, तर हाड ओल्या फांदीसारखं वाकून एकाच बाजूने तडकतं.

दिव्यांग क्रीडेच्या प्रकरणात तीन संस्थांची सरमिसळ थांबवा. डेफलिम्पिक्स १९२४ पासून, पॅरिसमध्ये सुरू, चांगल्या कानात किमान ५५ डेसिबल श्रवणऱ्हास असणाऱ्यांसाठी. पॅरालिम्पिक्स १९६०, रोम, मुख्यतः शारीरिक आणि दृष्टिविषयक अपंगत्व. स्पेशल ऑलिम्पिक्स १९६८, शिकागो, बौद्धिक अक्षमता. उदाहरणं हवीत तर आपल्याच राज्यातली घ्या. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिक्समध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण मिळवलं. सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीच्या एफ४६ गटात रौप्य. एफ म्हणजे फील्ड, ४६ हा हाताच्या अपंगत्वाचा वर्ग. वर्गीकरण म्हणजे काय हे यातच समजतं.

आहाराचं प्रकरण स्वयंपाकघरात वाचा. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ९. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर या एका ताटात पोषक आणि अपोषक असे दोन्ही घटक दाखवता येतात. तंतुमय पदार्थ अपोषक गटात मोडतात, तरीही गरजेचे, हा बारकावा निसटतो. मानसशास्त्र आणि प्रशिक्षण ही प्रकरणं वाचली की कळतात. व्याख्या, प्रकार आणि प्रत्येकी एक खेळातलं उदाहरण लिहून काढा, पुरे.

दोन परीक्षा, दोन सकाळी

प्रात्यक्षिकाच्या दिवशी खाणं दोन-अडीच तास आधी. पोहे किंवा केळं आणि दूध चालेल, वडापाव नको. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुतेकदा तुमचीच फाइल उघडून विचारतात, म्हणून आदल्या रात्री दुसरं काही न वाचता आपली फाइल वाचा. एखादं माहीत नसेल तर सरळ ‘आठवत नाही’ म्हणा. थापा मारणाऱ्याला पुढचा प्रश्न अवघडच येतो.

लेखी पत्रिकेची अलीकडच्या वर्षांतली रचना अशी आहे: १८ बहुपर्यायी प्रश्न एकेका गुणाचे, सहापैकी पाच दोन-दोन गुणांचे, सहापैकी पाच तीन-तीनचे, तीन उताऱ्यांवरचे चार-चारचे आणि चारपैकी तीन पाच-पाचचे. चालू वर्षाची नमुना पत्रिका मंडळाच्या संकेतस्थळावर येते, ती उतरवून ताडून घ्या. वेळ तीन तास, त्याआधी वाचायला १५ मिनिटं. बहुपर्यायीला २० मिनिटं, दोन गुणांच्यांना २५, तीनच्यांना ४०, उताऱ्यांना २५, पाचच्यांना ४२. बेरीज १५२, म्हणजे २८ मिनिटं हाताशी राहतात.

वाचनाच्या पंधरा मिनिटांत पाच गुणांचे कोणते तीन घ्यायचे ते ठरवा. फिक्स्चर (सामन्यांची आखणी) किंवा चाचणीचा प्रश्न त्यात असेल तर तोच घ्या, कारण त्यात पायऱ्यांना गुण असतात आणि ‘उत्तर छान आहे पण त्रोटक’ असा शेरा त्याला बसत नाही. निबंधवजा प्रश्नांत पाच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला ठळक शब्द आणि दोन ओळी. फिक्स्चरला नवं पान घ्या, ते आडवं धरा आणि डाव्या कडेला एक ते एकोणीस आकडे समान अंतरावर आधी लिहून टाका. जागा संपली म्हणून शेवटचे चार संघ कोपऱ्यात कोंबले की अंतिम फेरीची रेषा नेमकी चुकीच्या संघापाशी जाऊन भिडते.